अहवालातला अमोनिया उतरला, पण पाण्यातला नत्र गेला का?

प्रवाह (धागाकर्ता)

कारखान्याच्या सांडपाण्याचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर सीओडी, बीओडी (रासायनिक आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाची दोन मापे) आणि अमोनिया या तीन ओळींवर जाते. त्या मर्यादेत असल्या की अहवाल फाईलला लागतो आणि विषय संपतो. अमोनिया १८० वरून ५ मिलिग्रॅमवर आला, म्हणजे दर लिटरमागे १७५ मिलिग्रॅम नत्र पाण्यातून गेला, असे तेव्हा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडून जीवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणाऱ्या टाकीत, त्या अमोनियाचे नायट्रेट झालेले असते आणि तोच नत्र पाण्याबरोबर बाहेर पडत असतो, फक्त पुष्कळ अहवालांत ज्याची तपासणीच केलेली नसते अशा रूपात. खतकारखाने, औषधांचे कच्चे रसायन बनवणारे कारखाने, रंगद्रव्यांचे उद्योग, कत्तलखाने, चर्मोद्योग अशा सगळ्या ठिकाणी हे घडते आणि म्हणून हा धागा काढत आहे.

नायट्रीकरण हे पहिले पाऊल आहे. नायट्रोसोमोनास गटातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे काम भरपूर विरघळलेल्या ऑक्सिजनवर चालते आणि ते खर्चिक आहे: एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे पूर्ण नायट्रेट होण्यासाठी सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि सुमारे ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) खर्ची पडते. दुसरे पाऊल विनायट्रीकरणाचे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपला की अनेक साधे जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजनवर श्वसन करू लागतात, सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात आणि नत्र वायुरूपात हवेत सोडतात. नत्र पाण्यातून खऱ्या अर्थाने निघून जातो तो इथे.

माझे म्हणणे एवढेच आहे की दुसरे पाऊल टाळणे हा कारखान्याच्याही तोट्याचा व्यवहार आहे, कारण पहिल्या पावलावर केलेल्या खर्चाचा मोठा भाग दुसऱ्या पावलावर परत मिळतो. एक ग्रॅम नायट्रेट-नत्राचे विनायट्रीकरण झाले की सुमारे ३.५७ ग्रॅम अल्कलिनिटी पाण्यात परत येते, आणि २.८६ ग्रॅम ऑक्सिजनने जेवढा सीओडी जळला असता तेवढा सीओडी ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) न चालवता कमी होतो. अमेरिकेतील लुडझॅक आणि एटिंजर यांनी १९६२ मध्ये अनॉक्सिक टाकी (जिच्यात हवा सोडत नाहीत, पण नायट्रेट असते) एरेशन टँकच्या आधी ठेवण्याची मांडणी सुचवली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी एरेशन टँकमधले नायट्रेटयुक्त पाणी पंपाने त्या पहिल्या टाकीत परत आणण्याची जोड दिली. कच्चे सांडपाणी आधी अनॉक्सिक टाकीत येते, त्यातल्या सेंद्रिय पदार्थावर जीवाणूंचे पोट भरते आणि परत आलेले नायट्रेट तिथे संपते. एक जादा टाकी, एक मिक्सर आणि एक पंप, एवढेच नवे सामान लागते. तरीही आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या किती ईटीपींमध्ये (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांमध्ये) ही मांडणी दिसते? ज्यांनी प्रत्यक्ष प्लांट चालवला आहे त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.


रात्रपाळी

प्रवाह सर, मी एमआयडीसीतील औषध-रसायनांच्या एका कारखान्यात ईटीपी सांभाळतो. आमच्याकडे एकच एरेशन टँक आणि त्यापुढे क्लॅरिफायर (गाळ खाली बसवून पाणी वेगळे करणारी टाकी) आहे. दोन अडचणी मांडतो.

पहिली अशी की अमोनिया काही आठवडे व्यवस्थित उतरतो आणि मग एकाएकी उतरायचा थांबतो. त्या वेळी एरेशन टँकचा पीएच ६.२ च्या आसपास आलेला असतो. वरिष्ठ सांगतात की हवा कमी पडते आहे, म्हणून दुसरा ब्लोअरही चालू करायचा. पण मीटरवर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ४ च्या पुढे असतो आणि अमोनिया मात्र तसाच राहतो.

दुसरी अडचण क्लॅरिफायरची आहे. सकाळी वरचे पाणी स्वच्छ दिसते आणि दुपारी ऊन चढले की तपकिरी गाळाचे ताटाएवढे थर खालून सुटून वर येतात. बांबूने हलवले तर त्यातून बारीक बुडबुडे सुटतात आणि गाळ पुन्हा खाली बसतो. कंत्राटदाराच्या मते गाळ फुगला आहे, म्हणून तो गाळ एकत्र आणून बसवणारे पॉलिमर टाकायला सांगतो. पॉलिमरने फरक पडलेला नाही.


प्रवाह

रात्रपाळी, बांबूने हलवल्यावर बुडबुडे सुटून गाळ खाली बसतो, हे तुम्ही इतक्या बारकाईने पाहिलेत त्यातच अर्धे निदान आहे. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: नायट्रीकरण होते, पण विनायट्रीकरणाला वेगळी जागा नाही.

एरेशन टँकमध्ये नायट्रेट तयार होते, ते क्लॅरिफायरच्या तळाशी साचलेल्या गाळात जाते, तिथे ऑक्सिजन संपतो आणि विनायट्रीकरण सुरू होते. सुटणारा नत्रवायू गाळाच्या कणांत अडकतो आणि सगळा थर वर उचलतो. दुपारी पाणी तापले की जीवाणूंचा वेग वाढतो, शिवाय कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो. म्हणजे जे काम वेगळ्या टाकीत, तुमच्या ताब्यात व्हायला हवे, ते नको त्या जागी आपोआप होत आहे. खात्रीसाठी एक लिटरच्या मोजपात्रात एरेशन टँकचे मिश्रण घ्या आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाने आकडा लिहून पात्र रिकामे करू नका, तसेच उभे ठेवा. गाळ आधी नीट बसला आणि तास-दोन तासांनी एकसंध वर आला, तर ते विनायट्रीकरण आहे. गाळ खरोखर फुगलेला असेल तर तो मुळात बसणारच नाही. तूर्त क्लॅरिफायरमधून गाळ परत खेचण्याचा वेग वाढवा, म्हणजे तो तळाशी कमी वेळ राहील.

पीएच उतरतो तो अल्कलिनिटी संपल्यामुळे. हे समजण्यासाठी एक काल्पनिक पण तुमच्यासारख्या कारखान्याचा हिशोब मांडतो. दिवसाला ३०० घनमीटर सांडपाणी आहे आणि त्यात लिटरला २०० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र आहे, म्हणजे रोज ६० किलो नत्र आला. तो सगळा नायट्रेटमध्ये न्यायचा तर सुमारे २७४ किलो ऑक्सिजन आणि सुमारे ४२८ किलो अल्कलिनिटी लागेल. सांडपाण्यात स्वतःची अल्कलिनिटी लिटरला ६०० मिलिग्रॅम असेल तर रोज १८० किलो येते, आणि पीएच स्थिर राहावा म्हणून बाहेर जाणाऱ्या पाण्यातही ७५ मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक राहायला हवी. तूट सुमारे २७० किलोची झाली. ती सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) भरायची तर रोज साधारण २८५ किलो सोडा ॲश ओतावा लागेल. आता यातल्या ७५ टक्के नायट्रेटचे विनायट्रीकरण केले, तर सुमारे १६० किलो अल्कलिनिटी परत मिळते, तूट ११० किलोवर येते आणि सोडा ॲशची गरज साधारण ११७ किलो उरते. वर सुमारे १२९ किलो ऑक्सिजनचे काम नायट्रेट करते, तेवढी ब्लोअरची वीज वाचते.

तुमच्याकडे डीओ ४ असून अमोनिया हलत नाही, याचा अर्थ हवा पुरेशी आहे आणि जीवाणूंना हवेखेरीज जे हवे ते मिळत नाही. दुसरा ब्लोअर बंद करा आणि आधी एरेशन टँकची अल्कलिनिटी टायट्रेशनने मोजा.


पेट्रीडिश

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जीवाणूंच्या बाजूने थोडे लिहिते.

नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंना सेर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास प्रथम वेगळे केले, तेव्हापासून त्यांची ख्याती मंदगतीची आहे. सेंद्रिय पदार्थ खाणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात. नायट्रोसोमोनासला अनुकूल परिस्थितीतही साधारण दिवसभर लागतो आणि खऱ्या टाकीत त्याहून पुष्कळ जास्त. हे जीवाणू अमोनियापासून ऊर्जा घेतात आणि शरीर बांधायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे त्यांच्या हाती शिल्लक फार कमी राहते. सगळे काम एकच जीवाणू करू शकत नाही असे शंभरेक वर्षे मानले जात होते. २०१५ मध्ये नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा पूर्ण प्रवास एकट्याने करतात हे सिद्ध झाले, पण मंदगतीचा नियम त्यांनाही लागू आहे.

यातून प्लांटसाठी निघणारी गोष्ट म्हणजे गाळाचे वय. टाकीत असलेला एकूण गाळ भागिले रोज बाहेर काढला जाणारा गाळ, असा हा साधा भागाकार आहे. ४०० घनमीटरच्या टाकीत एमएलएसएस (मिश्रणात तरंगणारा गाळ) लिटरला ४००० मिलिग्रॅम असेल तर गाळ १६०० किलो झाला. रोज १६० किलो काढला तर वय १० दिवसांचे. औषध-रसायनांच्या पाण्यात मला १५ ते २० दिवसांखाली जाणे धोक्याचे वाटते. आपल्याकडचे पाणी कोमट असते ही मोठी अनुकूलता आहे, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की नायट्रीकरणाचा वेग निम्म्यावर येतो आणि थंड देशांतील प्लांट हिवाळ्यात याच कारणाने अडतात. पण ही अनुकूलता आपण दुसऱ्या मार्गाने घालवतो. पावसाळ्यात गाळ वाळवायचे वाफे ओले असतात म्हणून गाळ काढणे थांबते, आणि पाऊस उघडला की साचलेला गाळ आठवड्याभरात भराभर काढला जातो. त्या आठवड्यात नायट्रीकरण करणारे जीवाणूही गाळाबरोबर वाफ्यावर जातात आणि त्यांची संख्या भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रात्रपाळी, तुमच्याकडे अमोनिया “एकाएकी” थांबतो तेव्हा आधीच्या पंधरवड्यात गाळ किती काढला होता, हे नोंदवहीत जरूर पाहा.

आणखी एक. पुष्कळ ईटीपींमध्ये पोषण म्हणून रोज युरिया आणि डीएपी टाकण्याची पद्धत आहे. ज्या पाण्यात मुळात नत्र कमी आहे तिथे ती योग्यच आहे, पण तुमच्या पाण्यात नत्र गरजेहून कितीतरी अधिक असताना युरियाची गोणी टाकीत जात असेल तर ती आजच थांबवा. फॉस्फरस लागत असेल तर डीएपीऐवजी फॉस्फोरिक ॲसिड वापरता येते.


हिशोबी

दोन्ही तज्ज्ञांचे लिखाण वाचले. मी कारखान्याच्या व्यवस्थापनात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नियमांत अमोनिया-नत्राला ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मग जो कारखाना ४० वर आहे त्याने विनायट्रीकरणाचा खटाटोप का करावा? दुसरे, बाजारात तयार जीवाणूंची पावडर मिळते. नवी टाकी बांधण्यापेक्षा तीच टाकणे सोपे आणि स्वस्त नाही का?


प्रवाह

हिशोबी साहेब, प्रश्न रास्त आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी अमोनिया-नत्र ५० मिलिग्रॅम आहे हे खरे. पण त्याच तक्त्यात एकूण केल्डाल नत्र (अमोनिया आणि सेंद्रिय नत्र मिळून) १००, मुक्त अमोनिया (पाण्यात वायुरूपाने विरघळलेला) ५ आणि नायट्रेट-नत्र १० मिलिग्रॅम अशाही ओळी आहेत. समुद्रकिनारी सोडायचे तर नायट्रेट-नत्र २० आहे. ज्याचा अमोनिया १६० वरून ४० वर आला, त्याच्या पाण्यात सुमारे १०० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असू शकतो, म्हणजे तो एका ओळीत उत्तीर्ण आणि दुसऱ्या ओळीत दसपटीने बाहेर. शिवाय प्रत्येक उद्योगाच्या संमतीपत्रातील अटी वेगळ्या आणि अधिक कडक असू शकतात, तेव्हा अंतिम शब्द संमतीपत्राचा.

हे कागदाचे झाले. नदीच्या बाजूने पाहिले तर नायट्रेट हे जलपर्णी आणि शेवाळाचे खतच आहे.


पेट्रीडिश

पावडरबद्दल मी स्पष्ट लिहिते, कारण यात छोट्या कारखान्यांचे पैसे वाया जाताना पाहिले आहेत. कोरड्या पावडरीत टिकतात ते मुख्यतः बीजाणू तयार करणारे बॅसिलस गटातील जीवाणू. ते सेंद्रिय पदार्थ खातात. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर किंवा नायट्रोस्पायरा बीजाणू तयार करत नाहीत, त्यामुळे त्यांना वाळवून पाकिटात महिनोन्‌महिने जिवंत ठेवणे अवघड असते. ते मिळतात तर ओल्या, थंड ठेवलेल्या स्वरूपात आणि मर्यादित मुदतीसाठी. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: यातील जीवाणू कोणते, आणि एक लिटर द्रावण तासाला किती मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे ऑक्सिडीकरण करते? उत्तर आकड्यात मिळाले नाही तर ते उत्पादन नायट्रीकरणासाठी घेऊ नये.

शेण टाकण्याची प्रथाही याच कारणाने इथे उपयोगी पडत नाही. शेणात नायट्रीकरण करणारे फारसे नसतात. उत्तम बियाणे म्हणजे ज्या प्लांटमध्ये नायट्रीकरण चालू आहे तिथला ताजा गाळ, टँकरने आणलेला आणि त्याच दिवशी एरेशन टँकमध्ये सोडलेला.

आणि बियाणे चांगले असूनही ते मरत असेल तर सांडपाण्यात विष आहे. थायोयुरिया, सायनाइड, फिनॉल, तांबे यांपैकी काहीही थोड्या प्रमाणात आले तरी नायट्रीकरण आधी कोलमडते, सीओडी मात्र नेहमीसारखा उतरत राहतो आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणी सोपी आहे. निरोगी गाळ चार बाटल्यांत घ्या, सगळ्यांत सारखा अमोनिया आणि पुरेशी अल्कलिनिटी घाला, आपले सांडपाणी शून्य, १०, २५ आणि ५० टक्के मिसळा, हवा द्या आणि काही तास दर तासाला अमोनिया मोजा. सांडपाण्याचे प्रमाण वाढेल तसा वेग पडत गेला, तर कोणत्या उत्पादनाच्या बॅचचे पाणी त्या दिवशी आले होते ते शोधावे लागेल, आणि ते पाणी ईटीपीत येण्याआधीच वेगळे काढावे लागेल.


माळरान

माझी शेती एका औद्योगिक क्षेत्राच्या खालच्या अंगाला आहे. आमच्या विहिरीच्या पाण्याच्या अहवालात नायट्रेट ८८ आले आहे. वर १० मर्यादा लिहिली आहे, तर आमचे पाणी जवळजवळ नऊपट वाईट समजायचे का? आणि उकळून पिता येईल का? घरात लहान बाळ आहे म्हणून विचारतो.


प्रवाह

माळरान, आधी बाळाविषयी. हे पाणी बाळाला पाजू नका आणि त्यात दूध-पावडरही कालवू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही; पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांखालच्या बाळांमध्ये जादा नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते, ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. तसे काही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे तपासलेले पाणी किंवा आरओचे पाणी वापरा.

आता आकड्याविषयी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ‘नायट्रेट’ म्हणून मोजलेली आहे. सांडपाण्याची १० ही मर्यादा ‘नायट्रेटमधील नत्र’ म्हणून मोजलेली आहे. ४५ ला सुमारे ४.४ ने भागले की १० येतात, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत. तुमच्या अहवालातले ८८ नायट्रेट म्हणून असतील तर ते मर्यादेच्या दुप्पट आहेत. नत्र म्हणून असतील तर खरोखर नऊपट. अहवालावर एकक कसे छापले आहे ते प्रयोगशाळेला विचारून घ्या.

हे कारखान्यामुळेच झाले, असे एका विहिरीवरून म्हणता येणार नाही. रासायनिक खते, शौचालयांचे शोषखड्डे आणि गोठे यांतूनही नायट्रेट भूजलात उतरते. औद्योगिक क्षेत्राच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेतले, आणि नायट्रेटबरोबर क्लोराइड व एकूण विरघळलेले क्षारही पाहिले, तर चित्र बरेच उलगडते. ग्रामपंचायतीमार्फत तशी मागणी करावी असे मी सुचवेन.


डेल्फ्टवासी

धागा वाचून राहवले नाही. मी नेदरलँड्समध्ये जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करतो आणि इथे ॲनामॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजनशिवाय अमोनियाचा नत्रवायू करणाऱ्या जीवाणूंच्या मार्गाचा, उल्लेख आलाच पाहिजे, असे वाटते.

व्हिएन्नाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये ऊर्जेच्या हिशोबावरून असे मांडले की अमोनिया आणि नायट्राइट यांची ऑक्सिजनशिवाय थेट गाठ घालून नत्रवायू करणारा जीवाणू निसर्गात असायला हवा. तो तोवर कोणी पाहिलेला नव्हता. पुढे डेल्फ्टमधील गिस्ट-ब्रोकेड्स या यीस्टच्या कारखान्यात, सांडपाण्याच्या विनायट्रीकरणाच्या रिॲक्टरमध्ये, ऑक्सिजन नसतानाही अमोनिया नाहीसा होताना आर्नोल्ड मुल्डर यांना दिसला; त्यांचा शोधनिबंध १९९५ मध्ये आला. १९९९ मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी तो जीवाणू प्लँक्टोमायसीट गटातला असल्याचे दाखवले, आणि त्याच्या ब्रोकेडिया या नावात त्या कारखान्याचे नाव राहिले. एका औद्योगिक ईटीपीतल्या न जुळणाऱ्या हिशोबातून नत्रचक्राचा एक अख्खा मार्ग सापडला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या मार्गात सगळ्या अमोनियाचे नायट्रेट करावे लागत नाही. निम्म्याहून थोड्या अधिक अमोनियाचे फक्त नायट्राइट करायचे. उरलेला अमोनिया आणि ते नायट्राइट साधारण १ : १.३ या प्रमाणात एकत्र येऊन नत्रवायू बनतो. ऑक्सिजनची गरज निम्म्याहून खाली येते, बाहेरून सेंद्रिय पदार्थ घालावा लागत नाही आणि गाळ अगदी कमी होतो. नत्राचा सुमारे दहावा हिस्सा नायट्रेट म्हणून मागे राहतो, हे मात्र लक्षात ठेवावे. चांगल्या चाललेल्या रिॲक्टरमधला नमुना काचेच्या भांड्यात घेतला तर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल कण तळाशी बसलेले दिसतात. हा रंग त्यांच्यातील लोहयुक्त हीम प्रथिनांचा असतो.

अडचण वेळेची आहे. हे जीवाणू दुप्पट व्हायला दहा-बारा दिवस घेतात. जगातला पहिला पूर्ण आकाराचा ॲनामॉक्स रिॲक्टर रॉटरडॅमच्या डोकहावन प्लांटसाठी २००२ मध्ये उभा राहिला. ७० घनमीटरचा तो रिॲक्टर प्रयोगशाळेतून थेट त्या आकाराला नेलेला होता, आणि तो पूर्ण क्षमतेने चालायला साडेतीन वर्षे लागली. त्यानंतरचे रिॲक्टर तयार कणांचे बियाणे मिळाल्यामुळे पुष्कळ लवकर सुरू झाले. या जीवाणूंना ३० ते ३५ अंशांचे पाणी आवडते, आणि ते महाराष्ट्रात तापवावे लागणार नाही. मग तिकडे अजून पारंपरिक पद्धतीवरच भर का?


प्रवाह

डेल्फ्टवासी, इतक्या नेमक्या माहितीबद्दल मनापासून आभार. माझे मत थोडे वेगळे आहे. ॲनामॉक्सला शोभणारे पाणी म्हणजे ज्यात अमोनिया भरपूर, सहज कुजणारे सेंद्रिय पदार्थ कमी आणि रोजचा प्रवाह सारखा. बायोगॅस प्लांटमधून बाहेर पडणारे पाणी, कचराभूमीचा निचरा किंवा खतकारखान्याचे पाणी यांत ते बसते. रात्रपाळींच्या कारखान्यात मात्र उत्पादन दर आठवड्याला बदलते, सीओडी भरपूर आहे आणि एखादी विषारी बॅच आली तर दोन आठवड्यांत दुप्पट होणाऱ्या जीवाणूंची वसाहत पुन्हा उभी करायला वर्ष जाईल. शिवाय तिथे सेंद्रिय पदार्थ फुकट उपलब्ध आहे. विनायट्रीकरणाला हवा तो कच्चा माल घरचाच असताना त्याला ब्लोअर लावून जाळणे मला पटत नाही.

पारंपरिक मांडणीच्याही मर्यादा सांगायला हव्यात. आधीच्या अनॉक्सिक टाकीत किती नायट्रेट संपेल, हे पाणी किती पट परत फिरवता यावर ठरते. आत येणाऱ्या पाण्याच्या ३ पट पाणी, परतीचा गाळ धरून, फिरवले तर जास्तीत जास्त ७५ टक्के. ४ पट फिरवले तर ८० टक्के. २०० मिलिग्रॅमचे ७५ टक्के गेले तरी ५० उरतात, आणि मर्यादा १० ची आहे. म्हणून जादा नत्राच्या पाण्याला एरेशननंतर दुसरी अनॉक्सिक टाकी आणि शेवटी थोडी हवा, अशी चार टप्प्यांची बार्डेन्फो मांडणी लागते. दुसऱ्या टाकीपर्यंत सेंद्रिय पदार्थ संपलेले असतात, त्यामुळे तिथे बाहेरून खाद्य द्यावे लागते. मिथेनॉल स्वस्त पडते, एक ग्रॅम नायट्रेट-नत्राला साधारण ३ ग्रॅम. पण ते ज्वालाग्राही आणि विषारी आहे, साठवणुकीला परवाने लागतात आणि जीवाणूंना त्याची सवय व्हायला वेळ जातो. ॲसिटिक ॲसिड लगेच काम करते, महाग पडते. गूळ किंवा मळी वापरणारेही आहेत. त्याने पाण्याला रंग येतो आणि थोडा नत्रही वाढतो. कारखान्यातच एखादा स्वच्छ, विषारी नसलेला अल्कोहोलयुक्त प्रवाह वेगळा मिळत असेल तर आधी तो तपासून पाहावा.

अमोनिया लिटरला हजारो मिलिग्रॅममध्ये असेल तर आधी वाफेने स्ट्रिपिंग करून (पाण्यातून वायुरूपात उडवून) तो अमोनियम सल्फेट म्हणून परत मिळवणे योग्य. जीवाणूंकडे उरलेलेच पाणी पाठवावे.


पेट्रीडिश

एका धोक्याची भर घालते. हवा जेमतेम ठेवली किंवा सेंद्रिय पदार्थ अपुरा पडला तर प्रक्रिया मध्येच अडते आणि नायट्रस ऑक्साइड वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. नायट्राइट साचू लागणे ही त्याची आगाऊ सूचना असते. ईटीपीत नायट्राइट साचल्याची आणखी एक खूण म्हणजे बीओडी कमी असूनही सीओडी थोडा चढलेला दिसणे, कारण एक मिलिग्रॅम नायट्राइट-नत्र सीओडीच्या चाचणीत सुमारे १.१४ मिलिग्रॅम भरतो. पीएच वाढवण्यासाठी कॉस्टिक सोडा एकदम ओतला की हे हमखास घडते: मुक्त अमोनिया वाढतो, आणि तो लिटरला एखाद्या मिलिग्रॅमच्या आत असला तरी नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू दबतात.


रात्रपाळी

सर्वांचे आभार. मोजपात्र तसेच उभे ठेवले. अर्ध्या तासात गाळ छान बसला आणि पुढच्या दीड तासात संपूर्ण थर वर आला. एरेशन टँकची अल्कलिनिटी फक्त ३५ मिलिग्रॅम निघाली. नोंदवहीत पाहिले तर गेल्या दोन्ही वेळा अमोनिया अडण्याच्या आधी फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र) सलग चालवून गाळ काढलेला होता. युरियाही रोज जात होता. तो वरिष्ठांशी बोलून बंद केला आहे.

नवी टाकी लगेच मंजूर होणार नाही. आहे त्याच एरेशन टँकमध्ये ब्लोअर काही वेळ बंद ठेवून विनायट्रीकरण साधता येईल का?


प्रवाह

येईल, आणि टाकीच्या मंजुरीसाठी तेच तुमचे सर्वांत भक्कम कागदपत्र ठरेल. क्रम असा ठेवा.

प्रथम सोडा ॲश थोडा थोडा, दिवसभर विभागून देऊन अल्कलिनिटी १०० च्या आसपास आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये स्थिर करा. अमोनिया नियमित उतरू लागल्याशिवाय ब्लोअर बंद करू नका, कारण नायट्रेटच तयार होत नसेल तर विनायट्रीकरण कशाचे करणार? गाळ रोज सारख्या प्रमाणात काढा. आठवड्याचा एकदम नको.

त्यानंतर टाकीत गाळ तळाशी बसणार नाही, यासाठी एक बुडता मिक्सर भाड्याने मिळतो का ते पाहा. तो नसेल तर प्रयोग करू नका. बसलेला गाळ सडतो आणि डिफ्युझरवर (तळातून हवा सोडणाऱ्या भागांवर) थापला जातो. मिक्सर चालू ठेवून ब्लोअर ४५ मिनिटे बंद आणि सव्वा तास चालू, अशा दोन तासांच्या चक्राने सुरुवात करा आणि कच्चे सांडपाणी शक्यतो ब्लोअर बंद असतानाच टाकीत सोडा, म्हणजे त्यातील सेंद्रिय पदार्थ नायट्रेटच्या कामी येईल. बंद काळात डीओ ०.२ च्या खाली उतरायला किती मिनिटे लागतात ते लिहा. खरा विनायट्रीकरणाचा वेळ त्यानंतरच सुरू होतो.

एका पूर्ण चक्रात दर पंधरा मिनिटांनी नमुना घेऊन तो लगेच गाळा, नाहीतर बाटलीतच प्रक्रिया चालू राहते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी हे चार आकडे पुरेत. बंद काळात नायट्रेट उतरताना आणि अल्कलिनिटी चढताना दिसली की बंद काळ दहा-दहा मिनिटांनी वाढवत न्या, आणि सकाळच्या नमुन्यात अमोनिया वाढू लागला की एक पायरी मागे या. ब्लोअरच्या मोटरला वारंवार चालू-बंद सोसते का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारे साधन) नसेल तर चक्र तीन तासांचे करा. वीजमीटरचे आकडे आणि सोडा ॲशच्या गोण्या प्रयोगाच्या आधीच्या पंधरवड्यापासूनच नोंदवायला सुरुवात करा, म्हणजे हिशोबी साहेबांसारख्या व्यवस्थापकांसमोर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे ठेवता येतील. पहिल्या चक्राचे आकडे आले की इथे टाका, तक्ता बघून पुढचे ठरवू.